नॉर्वेच्या किनाऱ्यानं बोटीनं जायचंय, अण्णा आणि मायला घेऊन. कसं ठरवावं?

मांजरातीर, लातूर
४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढायलोय, जरा लांबेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवत होते. औसा, निलंगा आणि शेवटची अकरा वर्षं रेणापूर तालुक्यात. त्यांच्या हाताखालची पोरं आता बापे झालीत, पण भेटली की सगळी तेच सांगतात. गुरुजी पुस्तक न उघडता फळ्यावर युरोप काढायचे. नॉर्वेचा तो कातरलेला किनारा खडू न उचलता एका दमात, आणि पार वर एक ठिपका. "हे हॅमरफेस्ट. उन्हाळ्यात इथं मध्यरात्री सूर्य दिसतो. हिवाळ्यात इथला समुद्र गोठत नाही. का गोठत नाही, कोण सांगतंय?"

उत्तर अटलांटिकचा उष्ण प्रवाह हे उत्तर मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. अण्णांनी मात्र उभ्या आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला, तोही किनाऱ्यावर उभं राहून. बोटीत कधी बसले नाहीत. आता ते ६९ चे आहेत, माय ६४ ची. येत्या उन्हाळ्यात दोघांना त्या किनाऱ्यानं न्यायचं मी ठरवलंय.

अडचणी सांगतो. घरची अकरा एकर आहे, मिरगाच्या आधी मला परत यावंच लागतं. माय माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. अण्णांना शुगर आहे. आणि मोठी क्रूझ घ्यावी का तिथली फेरी, हेच मला कळेना झालंय. जाहिराती पाहून डोकं गरगरायलंय. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.

---

गोदाकाठची, नांदेड
४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

दादा, मी आणि आमचे हे दोन वर्षांखाली सप्टेंबरमध्ये जाऊन आलोत. तुमचा धागा वाचून झोपच गेली.

मोठ्या क्रूझच्या नादी लागू नका. दोन-तीन हजार माणसं, आत नाटकगृह, पोहायचे तलाव, आणि किनारा लांबून. अण्णांना जे बघायचंय ते हुर्टिग्रूटेन या किनाऱ्यानं धावणाऱ्या बोटीवर आहे. त्याचा अर्थच 'जलद मार्ग'. बर्गनहून निघते, किर्केनेसपर्यंत जाते आणि परत येते. जाताना ३४ बंदरं घेते. पूर्ण फेरा १२ दिवसांचा, नुसतं वर जायला सात दिवस.

समजायला सोपं म्हणून सांगते, ही समुद्रातली एसटी आहे. आपली लाल गाडी कशी फाट्याफाट्यावर थांबते, पार्सल उतरवते, शाळेची पोरं घेते, तशीच. तुमच्या शेजारी एखादा तिथलाच माणूस दोन बंदरांपुरता बसलेला असतो, कॉफी पितो, उतरून जातो. रात्री दोन वाजता बोट कुठल्यातरी गावाला लागली, मला जाग आली म्हणून वर डेकवर गेले. बोटीच्या कुशीतलं दार उघडलं, फोर्कलिफ्ट बाहेर आली. एक कपडे धुण्याचं यंत्र, दोन लाकडी दारं आणि खोक्यांची चळत उतरली. खाली धक्क्यावर एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन उभी होती. तिला एक खोकं दिलं, तिनं ते काखोटीला मारलं, बोटीवरच्या माणसाला हात केला आणि चालायला लागली. दार मिटलं, बोट हलली. पंधरा मिनिटंसुद्धा झाली नसतील. सगळ्या प्रवासातलं मला हेच जास्त आठवतं, फ्योर्डांपेक्षाही, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या त्या खाड्यांपेक्षाही.

---

बर्गनचा परभणीकर
५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी नऊ वर्षं बर्गनला आहे, मूळचा जिंतूर तालुक्यातला. ताईंनी एसटीचं म्हटलं ते अगदी बरोबर आहे. थोडा इतिहास जोडतो, गुरुजींना आवडेल.

१८९३ पूर्वी ट्रोंधाइमहून हॅमरफेस्टला टपाल पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा. सरकारला नेमानं धावणारी बोट हवी होती, पण अंधारात, खडकांमधून, धड नकाशे नसताना कोण जाणार? बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं हो म्हटलं. त्याच्याकडे वह्या होत्या. तो आणि त्याचा वाटाड्या आंडर्स होल्टे कित्येक फेऱ्यांपासून नोंदी ठेवत होते: अमुक दिशेला, अमुक वेगानं, इतकी मिनिटं, मग वळायचं. २ जुलै १८९३ ला 'वेस्टेरॉलेन' ही बोट ट्रोंधाइमहून निघाली आणि पुढं ही सेवा बाराही महिने सुरू राहिली. आजही या मार्गावरच्या एका बोटीचं नाव 'रिचर्ड विथ' आहे.

आता कामाचं. २०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्या मिळून चालवतात. हुर्टिग्रूटेनच्या सात बोटी आणि हाविला या कंपनीच्या चार. हाविलाच्या नव्या आहेत, त्यात मोठ्या बॅटऱ्या बसवल्यात, त्यामुळं फ्योर्डात शिरल्यावर इंजिन बंद करून काही तास मुकाट चालतात. जुन्या बोटींच्या खोल्या लहान असतात, रेल्वेच्या डब्यासारख्या घडीच्या बिछान्याच्या, पण माणसं जुनी आणि मायाळू. दोन्हींचा मार्ग एकच, थांबे तेच.

वेळापत्रक असं धरा. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेआठच्या सुमारास बर्गन सुटतं. दुसऱ्या दिवशी ओलेसुन्ड. १९०४ च्या जानेवारीत हे गाव एका रात्रीत जळालं आणि मग सगळं एकाच घडणीत दगड-विटांनी बांधलं गेलं, म्हणून वेगळं दिसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रोंधाइम. चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडायचं, ६६ अंश ३३ मिनिटं, तिथं एका बेटावर पृथ्वीच्या गोळ्याची खूण उभी आहे. दुपारी बोडो, रात्री लोफोटेनची बेटं. पाचव्या दिवशी ट्रोम्सो. सहाव्या दिवशी होनिंग्सवोग, तिथून बसनं नॉर्थ केप. सातव्या दिवशी सकाळी किर्केनेस, रशियाच्या हद्दीला लागूनच.

---

धाराशिवची लेक
५ ऑक्टोबर, दुपारी ३:१२

मायच्या जेवणाचं मी सांगते. माझी सासू माळकरी, तिला घेऊन मी ओस्लो-बर्गन केलंय (बोट नाही केली).

बुकिंग करतानाच लेखी कळवा आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, तिकडं काहीजण त्यात मासा धरतात. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही, दूध-दही-लोणी चालतं, असं एकेक लिहा. बोटीवर चढल्यावर पहिल्याच जेवणाला मुख्य आचाऱ्याला भेटून परत सांगा. माणसं ऐकून घेतात. उकडलेला बटाटा, ब्रेड, लोणी, भाज्या, सूप, फळं यावर पोट भरतं. एक 'लेफ्से' म्हणून मऊ पातळ पोळी मिळते, बटाट्याची, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पोळीच की." त्या दिवशी पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या. तपकिरी चीज पण दाखवा मायला. चीज केल्यावर उरलेलं निवळीचं पाणी तासन् तास आटवून करतात, चव खव्याच्या जवळची, गोडसर. ते घेण्याआधी एकदा साहित्य वाचा मात्र.

आणि महत्त्वाचं: तूप, पेढे, खवा, दुधातल्या दशम्या बॅगेत घालू नका. युरोपबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला नॉर्वेत मनाई आहे. शेंगाची चटणी, जवसाची चटणी, येसर, मेतकूट, कडक भाकरी, भाजणी बिनधास्त न्या. धपाटे दोन दिवस टिकतात, पाणी कमी लावून भाजा.

मायला एक आधीच सांगून ठेवा. लोफोटेनला फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घातलेला असतो, उघड्यावर, हजारोंनी. वास येतो. अचानक बघून मन विटायला नको.

---

नाथसागर, पैठण
६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

वय ७२, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आम्ही उभयतां २०१९ च्या जूनमध्ये गेलो होतो. बाकी सगळं मंडळींनी सांगितलंच आहे, मी माझी चूक सांगतो.

विमान ज्या दिवशी बर्गनला उतरलं त्याच संध्याकाळची बोट आम्ही धरली होती. एजंटानं सांगितलं होतं, सहा तास हातात आहेत, भरपूर झाले. मधल्या विमानतळावर आमच्या दोन्ही बॅगा राहिल्या. बोट कुणासाठी थांबत नाही. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी चढलो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत. बायको दोन दिवस माझा चष्मा, माझं जॅकेट, माझा हात, काही सोडेना. बॅगा तिसऱ्या दिवशी ट्रोंधाइमच्या धक्क्यावर मिळाल्या. ओलेसुन्डला उतरून औषधाच्या दुकानात गेलो तर तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काही देईनात.

म्हणून बर्गनला निदान एक मुक्काम, दोन असतील तर उत्तम. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. एक जोड गरम कपडेही हातातच ठेवा.

आयुष्यभर मी पाणी मोजलं. धरणाची पातळी, आवक, विसर्ग. जायकवाडीचा साठा तेहेतीस टक्क्यांवर आला की आम्हाला झोप लागत नसे. बोटीच्या कठड्याशी उभा राहिलो आणि चहूकडं ते गडद निळं पाणी, आणि डोंगरावरून ठिकठिकाणी धबधबे, कुणी न अडवलेले, सरळ समुद्रात. मला बोलताच येईना.

---

मांजरातीर, लातूर
६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

काका, तुमचं शेवटचं वाचून दाखवलं अण्णांना. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी स्टेशनवर बघायला गेलो होतो." एवढंच.

आता तारखांचं बोला. मिरगाआधी परत यायचं तर मे हाच महिना उरतो. मेमध्ये मध्यरात्रीचा सूर्य दिसतो का? का नुसताच उजेड?

---

बर्गनचा परभणीकर
७ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

दिसतो, पण जागा आणि तारीख जुळवावी लागते. नॉर्थ केपला साधारण १४ मे ते २९ जुलै सूर्य मावळतच नाही. ट्रोम्सोला मेच्या विशीपासून जुलैच्या विशीपर्यंत. बोडोला मात्र जून उजाडावा लागतो. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात बर्गनहून निघालात तर बोट वर सरकत जाईल तसतशी रात्र लहान होत जाईल आणि ट्रोम्सोच्या पुढं रात्र संपलेली असेल. गुरुजींनी फळ्यावर जे अक्षांशांनी समजावलं ते डोळ्यांसमोर एकेका रात्रीनं घडताना दिसेल. जूनमध्ये गेलात तर हे सरकणं इतकं कळत नाही. मला विचाराल तर मेच चांगला.

शक्य असेल तर १६ मेपर्यंत बर्गनला या. १७ मे हा इथला राष्ट्रीय दिवस, १८१४ ची राज्यघटना. शाळेची पोरं बँड वाजवत मिरवणुकीनं जातात, बाया-माणसं आपापल्या भागाचा भरतकामाचा पोशाख घालतात. दुकानं बंद असतात आणि हॉटेलं आधी भरतात, तेवढं सांभाळा. १९ तारखेची बोट धरली की २२ ला आर्क्टिक वृत्त, २३ ला ट्रोम्सो, २४ ला नॉर्थ केप, २५ ला किर्केनेस.

मेमध्ये काय मिळणार नाही तेही सांगतो. गाइरांगर फ्योर्डात बोट वळते ती मुख्यतः जून ते ऑगस्ट, ते धरून चालू नका. डोंगरांवर बर्फ भरपूर असेल, झाडं वरच्या भागात अजून उघडी असतील. डेकवर वारा बोचतो, तापमान पाच ते दहा अंश धरा. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. अंगालगत लोकरीचं, त्यावर स्वेटर, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी.

---

अंबाजोगाईचा डॉक्टर
७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

गुरुजींच्या तब्येतीबद्दल चार गोष्टी.

बोट लागण्याचा त्रास सगळ्या वाटेवर नसतो, कारण बहुतेक मार्ग बेटांच्या आडोशानं जातो. उघडा समुद्र लागतो तो ठरावीक ठिकाणी: पहिल्या रात्री स्टाडचं टोक, दुसऱ्या रात्री हुस्टाडविका, बोडोहून लोफोटेनला जाताना वेस्टफ्योर्ड, आणि शेवटी बारेंट्स समुद्राचा पट्टा. खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्या, तिथं हेलकावा कमी. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. पण या गोळ्यांनी वयस्कर माणसांना लघवी अडणं, गुंगी येणं असं होऊ शकतं, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर विशेष. म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

या बोटींवर डॉक्टर नसतो. किनारा कायम जवळ असल्यानं गरज पडली तर पुढच्या बंदरावर दवाखान्यात पोचवतात. म्हणून विमा नीट वाचून घ्या, आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते बघा.

शुगर असणाऱ्यांची एक वेगळीच अडचण तिकडं होते. उजेड संपत नाही म्हणून जेवायची आणि झोपायची वेळ हरवते. माझ्या एका रुग्णाला रात्री अकराला संध्याकाळच वाटायची, जेवण पुढं ढकललं आणि गोळी घेऊन साखर उतरली. घड्याळावर जेवा, उजेडावर नको. खोलीचा पडदा ओढा, डोळ्यांना पट्टी बांधा. नॉर्वेची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, त्या हिशोबानं गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

---

औरंगपुरा ते ओस्लो
८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

व्हिसाचं थोडक्यात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटात आहे, तोच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी मोठ्या माणसाला ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. मुंबईला एकदा जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात.

अण्णांच्या पेन्शनचा आदेश आणि बँकेचं स्टेटमेंट, मायचा खर्च कोण करणार त्याचं तुमचं पत्र, हे जोडा. शेती दाखवणार असाल तर सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, मराठी कागद तसाच देऊ नका. परत यायचं कारण घट्ट दिसलं पाहिजे, आणि अकरा एकर हे घट्टच कारण आहे.

मायनं शेतात काम केलं असेल तर एक सांगतो. माझ्या आईच्या बोटांचे ठसे उमटेचनात, खुरपं धरून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीनं चार-चार वेळा पुसून घेतलं. जायच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री खोबरेल चोळा, धुणं-भांडी कुणाला तरी करू द्या.

---

मांजरातीर, लातूर
१० ऑक्टोबर, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच ठरत आलंय. बर्गन ते किर्केनेस एकमार्गी, तिथून ओस्लोला विमान, असा बेत केला होता. पूर्ण बारा दिवसांचा खर्च आमच्या आवाक्याच्या थोडा बाहेर आहे.

पण काल अण्णांनी वेळापत्रक स्वतः वाचलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "यात हॅमरफेस्ट पहाटे पाचला आहे. जेमतेम पाऊण तास." मी म्हटलं, उजेड तर असतो ना पहाटे पाचला. ते म्हणाले, "असतो." आणि कागद घडी घालून ठेवला. मला त्यांची घडी घालायची पद्धत माहीत आहे. काही मार्ग आहे का?

---

बर्गनचा परभणीकर
११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

आहे. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं.

ही बोट वर जाताना जी गावं रात्री घेते, ती येताना दिवसा घेते. मुद्दामच तसं वेळापत्रक आहे. किर्केनेसला उतरू नका. त्याच बोटीनं दुपारी परत निघा आणि ट्रोम्सोपर्यंत या. आठव्या दिवशी, म्हणजे २६ मेला, हॅमरफेस्ट सकाळी उशिरा लागतं आणि बोट तिथं सुमारे दोन तास थांबते. त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास ट्रोम्सो. तुम्ही बॅगा घेऊन धक्क्यावर उतराल तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतील आणि ढग नसतील तर सूर्य डोक्यावर नाही, पण क्षितिजाच्या वर असेल. एक रात्र हॉटेल, मग विमान. एकमार्गीपेक्षा बोटीवर एकच रात्र जास्त. त्या वर्षाचं छापील वेळापत्रक मात्र बुकिंगआधी एकदा ताडून घ्या.

हॅमरफेस्टला गुरुजींना एका ठिकाणी न्या. खाडीच्या पलीकडं फुग्लेनेसला ग्रॅनाइटचा एक खांब आहे, वर पृथ्वीचा गोळा. १८१६ ते १८५५ या काळात स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञानं काळ्या समुद्रापासून हॅमरफेस्टपर्यंत, २,८०० किलोमीटरहून लांब, त्रिकोणांची साखळी टाकून पृथ्वीचा आकार मोजला. त्याचं उत्तरेचं टोक हे. २००५ पासून जागतिक वारसा आहे. चालत जायला बरंच अंतर पडतं, टॅक्सी करा.

---

नाथसागर, पैठण
११ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

परभणीकर, तुम्ही माझ्या आवडीच्या गोष्टीला हात घातला. गुरुजींना आठवण करून द्या की तसलीच मोजणी आपल्याकडं लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केली होती, त्याहून आधी. ती आपल्या उशाशेजारून गेली. तिची एक पायारेषा, म्हणजे त्रिकोणांची सुरुवात जिच्यावरून करतात ती जमिनीवर मोजलेली सरळ रेषा, बिदरजवळ मोजली होती, उदगीरहून किती लांब आहे बिदर! आणि लॅम्बटन १८२३ ला हिंगणघाटला वारला, तिथंच त्याची कबर आहे. लातूरच्या भूगोलाच्या मास्तरनं हॅमरफेस्टच्या खांबाला हात लावणं याला अर्थ आहे.

परतीच्या वाटेवर वार्डे हे बंदरही दिवसा मिळेल. शुक्र सूर्यावरून सरकताना बघायला माक्सिमिलियन हेल हा खगोलशास्त्रज्ञ १७६९ मध्ये तिथं जाऊन राहिला होता.

---

गोदाकाठची, नांदेड
११ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बेत चांगला आहे, पण मला एक हळहळ वाटते. ट्रोम्सोला उतरलात की येतानाच्या वाटेवरचा 'सात बहिणी' डोंगर आणि मधोमध आरपार भोक असलेला टोर्गहाटेन सुटेल. आम्ही दोन्ही दुपारच्या उन्हात पाहिले. पैशाची जुळणी झाली तर पूर्ण फेरा करा, असंच मी म्हणेन.

---

बर्गनचा परभणीकर
१२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

ताई, तुमचं खरं आहे, पण तुम्ही सप्टेंबरात गेला होतात, तेव्हा जातानाची रात्र काळोखी होती. मेच्या शेवटी तिथं रात्रभर संधिप्रकाश असतो. जाताना पहाटे उठून डेकवर आलं तर सात बहिणीही दिसतील, ढग नसले तर. चार दिवसांचा खर्च वाचतो आणि मिरगाआधी घरीही पोचता येतं. मी ट्रोम्सोच्याच बाजूनं.

नॉर्थ केपला गेल्यावर गुरुजी बहुतेक स्वतःच सांगतील, पण सांगून ठेवतो. ७१ अंश १० मिनिटांवरचा तो ३०० मीटरचा कडा उत्तरेचं टोक म्हणून दाखवतात, पण शेजारचं क्निव्हशेलोडेन त्याच्याहून थोडं पुढं गेलंय. शिवाय दोन्ही बेटावर आहेत, मुख्य भूमीवर नाहीत.

---

धाराशिवची लेक
१२ ऑक्टोबर, दुपारी २:००

सगळं अण्णांचंच चाललंय, मायचं पण बघा की! ट्रोंधाइमला बोट सकाळी तीनेक तास थांबते. तिथलं निदारोस कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, संत मानलेल्या ओलाव्ह राजाच्या समाधीवर उभं आहे. तो १०३० मध्ये लढाईत पडला, तेव्हापासून लोक तिथं पायी येतात. ओस्लोहून येणारी वाट साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आजही काठी घेऊन चालणारे भेटतात. मायनं किती वाऱ्या केल्यात?

---

मांजरातीर, लातूर
१२ ऑक्टोबर, रात्री ८:३५

एकोणीस, ताई. हे वाचून दाखवलं तर पहिल्यांदाच ती म्हणाली, "मग त्या लोकांना बघायला येते मी." आजवर ती फक्त अण्णांसाठी यायला तयार झाली होती.

---

मांजरातीर, लातूर
१४ डिसेंबर, रात्री ९:२०

बुकिंग झालं. १९ मे, बर्गन ते किर्केनेस ते ट्रोम्सो, खालच्या मजल्यावर, मधली खोली. मायचं जेवण लेखी कळवलं, त्यांचं उत्तरही आलं. व्हिसाची मुंबईची तारीख जानेवारीत मिळाली आहे. खोबरेल सुरू केलंय. मायला धुणं करू देत नाही म्हणून ती रोज रागावते.

काल शेतावरून आलो तर अण्णा जुना नकाशासंग्रह घेऊन ओट्यावर बसले होते. गोधडीचा पांढरा दोरा, एक टोक बर्गनवर टाचणीनं रोवलेलं. तो दोरा ते किनाऱ्यानं, प्रत्येक खाचेत दाबत दाबत वर नेत होते. शाळेत मुलांना नदीची लांबी मोजायला शिकवायचे तसं. माझ्या पोरीनं दुसरं टोक धरलं होतं. ट्रोंधाइमलाच दोरा संपला. अण्णा तिला म्हणाले, "जा, आजीकडून अजून आण."

परभणीकर दादा, एकच विचारायचं राहिलं. बर्गनला पाऊस फार म्हणतात. छत्र्या आणाव्यात का?

---

बर्गनचा परभणीकर
१५ डिसेंबर, दुपारी १२:१५

छत्री नको, वाऱ्यात उलटते. इथं वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पडतो आणि आडवा पडतो. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट आणा, रबरी तळाचे, डेक ओला असतो. मायसाठी साडीवरून घालता येईल असा लांब रेनकोट लातुरात नाही मिळाला तर सांगा, मी इथून घेऊन ठेवतो, उंची कळवा.

१९ तारखेला संध्याकाळी सहा वाजता मी धक्क्यावर असेन. घरून पोळी-भाजी आणतो, पहिल्या रात्रीचं जेवण आमच्याकडचं.